एक शर्यत हुकली म्हणून पळणं थांबवू नये



भाटघर धरणाच्या रस्त्यानं पहाटे गेलं, तर अंधारात पळणारी पोरं भेटतात. कुणाची पोलीस भरतीची तयारी, कुणाची लष्कराची. आपल्याच घरातली ही पोरं. सोळाशे मीटरला चार-दोन सेकंद कमी पडतात, यादीत नाव लागत नाही आणि घरी आल्यावर पोरगा बूट कोपऱ्यात फेकतो. दुसऱ्या दिवशी तो पहाटे उठतच नाही. घरातली म्हणतात, "जाऊ दे, त्याच्या नशिबात नव्हतं." अशा घरांसाठी हा मजकूर आहे.

आपल्या भागात ऊसतोडीला ज्या टोळ्या येतात, त्यांत बीड जिल्ह्यातली माणसं पुष्कळ असतात. त्याच जिल्ह्यात आष्टी तालुक्यात मांडवा नावाचं गाव आहे. अविनाश साबळे हा धावपटू तिथला. जन्म १३ सप्टेंबर १९९४ चा. आईवडील वीटभट्टीवर राबणारे. शाळा सहा किलोमीटरवर आणि जायला गाडी नाही, म्हणून पोरगा कधी चालत, कधी पळत जायचा. बारावीनंतर तो लष्करात महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. सियाचीनची थंडी आणि राजस्थानची वाळू दोन्ही अनुभवली. स्पर्धेतलं पळणं सुरू झालं ते त्यानंतर, २०१५ मध्ये. म्हणजे विशीत आल्यावर.

त्याची मुख्य शर्यत तीन हजार मीटर स्टीपलचेस. या शर्यतीत अठ्ठावीस वेळा अडथळ्यावरून आणि सात वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी घ्यावी लागते. अडथळा आपल्या कंबरेइतका उंच आणि लाकडी. पाय लागला तरी तो पडत नाही, माणूस पडतो.

२०१८ साली घोट्याच्या दुखापतीमुळे अविनाशची आशियाई स्पर्धा हुकली. मोठी संधी हातची गेली. पण त्याच वर्षी सप्टेंबरात भुवनेश्वरला त्यानं ८ मिनिटं २९.८० सेकंदांत शर्यत पूर्ण केली आणि गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला.

पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, दोहा येथे जागतिक स्पर्धा झाली. प्राथमिक फेरीत दुसऱ्या धावपटूमुळे त्याची वाट अडली, लय तुटली आणि तो बाहेर पडला. भारताच्या पथकानं तक्रार केली आणि ती मान्य होऊन त्याला अंतिम फेरीत घेतलं. तीनच दिवसांनी तिथं तो ८ मिनिटं २१.३७ सेकंदांत तेरावा आला. पदक नव्हतं, पण नवा राष्ट्रीय विक्रम होता आणि ऑलिंपिकची पात्रताही मिळाली.

मग कोरोना आला. २०२० चं ऑलिंपिक एक वर्ष पुढं गेलं, स्पर्धा बंद पडल्या. हंगाम असा वाया गेल्यावर पुष्कळ जण ढिले पडतात. अविनाश मात्र २९ नोव्हेंबर २०२० रोजी दिल्लीत अर्ध मॅरेथॉनला उभा राहिला. अर्ध मॅरेथॉन म्हणजे सुमारे एकवीस किलोमीटर. भोरहून कापूरहोळला जायचं आणि परतीचीही काही वाट तुडवायची, एवढं ते अंतर. त्यानं ते एक तास तीस सेकंदांत कापलं. हिशेब केला तर किलोमीटरला दोन मिनिटं बावन्न सेकंद पडतात, आणि हा वेग एकवीस वेळा राखायचा. आधीचा राष्ट्रीय विक्रम महाराष्ट्राच्याच कालिदास हिरवे यांचा, एक तास ३ मिनिटं ४६ सेकंदांचा. तो सव्वातीन मिनिटांनी मागं पडला. एकसष्ट मिनिटांच्या आत पळणारा अविनाश पहिला भारतीय. त्या शर्यतीत त्याचा क्रमांक दहावा होता, हेही सांगितलं पाहिजे. पहिला आलेला इथिओपियाचा धावपटू एकोणसाठ मिनिटांच्या आत पोचला होता.

आठ मिनिटांची शर्यत पळणारा माणूस तासाभराची शर्यत कशाला पळेल? शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. लागणीआधी आपण ताग गाडतो, शेणखत घालतो. त्या वेळी रानात ऊस दिसत नाही, पण पुढचं पीक त्यावरच उभं राहतं. लांब पल्ल्याच्या पळण्यानं दमसास वाढतो, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त पुढं ढकलतं, पाय उशिरा थकतात. शेवटच्या फेरीतला जोर त्यातूनच येतो.

पुढंही सगळं सरळ झालं नाही. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यानं ८ मिनिटं १८.१२ सेकंदांचा नवा विक्रम केला, तरी अंतिम फेरी हुकली. पण २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं रौप्यपदक मिळवलं. सुवर्ण गेलं ते सेकंदाच्या अवघ्या पाच शतांशांनी. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मात्र सुवर्ण आणलं. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या उडीवर तो पडला आणि गुडघ्याला मोठी इजा झाली. म्हणजे एकदा जिंकलं की पुढची वाट मोकळी, असं या खेळातही नाही आणि शेतीतही नाही.

तेव्हा बूट फेकणाऱ्या पोराला घरच्यांनी नशिबाचं बोलू नये. वेळ कुठं कमी पडला ते विचारावं. सुरुवातीलाच जोर लावून पुढं दम गेला का? अंग दुखत असताना पळाला का? आदल्या रात्री झोप झाली होती का? मग चार दिवस विश्रांती द्यावी आणि पुन्हा सावकाश सुरुवात करू द्यावी. आठवड्यातलं बहुतेक पळणं बोलता बोलता पळता येईल इतकं हळू असावं. एक दिवस लांब पल्ला, एक दिवस जोराचा, एक दिवस पूर्ण विश्रांती. अंतर थोडं थोडं वाढवावं. आज पाच पळणाऱ्यानं पुढच्या आठवड्यात पंधरा पळू नये. आणि पळून आलेल्या पोराच्या ताटात भाकरीबरोबर डाळ, दूध, अंडी असावीत.

आपल्या भाटघरचंच पाहा ना. इथलं पहिलं धरण इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात बांधलं. त्याचं पाणी पुरेना, म्हणून पुढं १९२७ च्या सुमारास मोठं धरण उभं राहिलं आणि जुनं त्याच्या पाण्याखाली गेलं. पहिलं कमी पडलं म्हणून कुणी पाणी अडवायचं सोडलं नाही. आज नीरेच्या कालव्यावर जो ऊस उभा आहे, तो त्या दुसऱ्या प्रयत्नाच्या पाण्यावर. तेव्हा उद्या पहाटे पोराला हाक मारा आणि कोपऱ्यातले बूट त्याच्या हातात द्या.