इन्शुलीन स्रवण व कलकणू
अग्निपिंडातील (स्वादुपिंडातील) बीटा कोशिकांमध्ये (पेशींमध्ये) ग्लुकोजापासून ऊर्जा निर्माण होण्याची क्रिया व त्या कोशिकांतून रक्तात इन्शुलीन सोडले जाण्याची क्रिया यांचा परस्परसंबंध. रक्तातील ग्लुकोज वाढले की इन्शुलीन अधिक स्रवते. मात्र त्यासाठी ग्लुकोजाचा कोशिकेला नुसता स्पर्श होणे पुरेसे नसते. कोशिका ग्लुकोज आत घेते, त्याचे ऑक्सिडीभवन करते आणि त्यापासून मिळालेल्या ऊर्जेवरून रक्तातील शर्करेचे प्रमाण अजमावते. मॅनोहेप्ट्युलोज या शर्करेने ग्लुकोजाच्या चयापचयातील पहिली पायरी रोखल्यास भोवती भरपूर ग्लुकोज असूनही इन्शुलीन स्रवत नाही. ऑक्सिडीभवनाचा मोठा भाग कलकणूंमध्ये (कोशिकाद्रव्यातील ऊर्जानिर्मिती करणाऱ्या सूक्ष्म अंगकांमध्ये, मायटोकाँड्रियांमध्ये) होत असल्यामुळे त्यांतील बिघाड मधुमेहास कारणीभूत होऊ शकतो.

इतिहास : अग्निपिंडातील कोशिकांच्या द्वीपकांचे वर्णन पाउल लँगरहान्स यांनी १८६९ मध्ये केले. अग्निपिंड काढून टाकलेल्या कुत्र्याला मधुमेह होतो, असे योझेफ फोन मेरिंग व ऑस्कर मिंकोव्हस्की यांना १८८९ मध्ये आढळले. फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी १९२१ मध्ये टोराँटो येथे इन्शुलीन मिळविले. बीटा कोशिकेला ग्लुकोजाची वार्ता कशी कळते, याचा उलगडा मात्र १९८४ नंतर होत गेला.

यंत्रणा : कोशिकेत शिरलेल्या ग्लुकोजावर प्रथम ग्लुकोकायनेज या एंझाइमाची (जीवरासायनिक विक्रियांचा वेग वाढविणाऱ्या प्रथिनाची) क्रिया होते. रक्तातील ग्लुकोजाच्या नेहमीच्या चढउतारांबरोबर या एंझाइमाचा वेग कमीजास्त होतो. म्हणून त्याला ग्लुकोजमापकच म्हणता येईल. पुढील विक्रियांत पायरुव्हिक अम्ल तयार होते. बीटा कोशिकेत त्याचे लॅक्टिक अम्लात रूपांतर करणारे एंझाइम फारच थोडे असल्यामुळे बहुतेक पायरुव्हिक अम्ल कलकणूंत जाते. तेथे क्रेब्ज चक्र व इलेक्ट्रॉनवाहक शृंखला यांद्वारे मिळालेली ऊर्जा एटीपी (ॲडिनोसीन ट्रायफॉस्फेट) या संयुगात साठविली जाते.

विश्रांत अवस्थेत कोशिकापटलातील विशिष्ट मार्गिकांतून पोटॅशियम आयन (विद्युत् भारित अणू) बाहेर जात असतात. त्यामुळे पटलाच्या आतील बाजूस बाहेरच्या मानाने सु. –७० मिलिव्होल्ट वर्चस् असते. एडीपीच्या मानाने एटीपीचे प्रमाण वाढले की या मार्गिका बंद होतात, असे १९८४ मध्ये दिसून आले. त्यानंतर पटलावरील विद्युत् वर्चस् घटते, कॅल्शियमाच्या मार्गिका उघडतात व आत शिरलेल्या कॅल्शियमामुळे इन्शुलिनाच्या कणिका पटलाशी एकरूप होऊन रिकाम्या होतात. हेच कॅल्शियम कलकणूंत शिरून तेथील एंझाइमांना चेतविते व ऊर्जानिर्मिती आणखी वाढविते.

कलकणूंचे कार्य एवढ्यावर संपत नाही. पोटॅशियमाच्या मार्गिका औषधाने उघड्या ठेवून कोशिकेतील कॅल्शियम अन्य उपायांनी वाढविले, तरीही ग्लुकोजामुळे स्रवणात भर पडते, असे १९९२ मध्ये सिद्ध झाले. पहिल्या काही मिनिटांच्या जोरदार स्रवणानंतर जे मंद व दीर्घकाळ टिकणारे स्रवण होते, त्याला या दुसऱ्या मार्गाने बळ मिळते.

विकृती : कलकणूंना स्वतःचे डीएनए असून ते मातेकडूनच अपत्यास मिळते. त्यातील ३२४३ व्या स्थानी उत्परिवर्तन झाल्यास मधुमेह व बहिरेपणा एकाच कुटुंबात, मातेच्या वंशपरंपरेने आढळतात. हा संबंध १९९२ मध्ये दाखविण्यात आला. अशा कुटुंबातील पुरुषाला हा विकार झाला, तरी तो त्याच्या अपत्यांत उतरत नाही. ग्लुकोकायनेजाच्या एका जीनातील दोषामुळे रक्तातील शर्करेची पातळी जन्मापासूनच थोडी वरच्या बाजूस राहते. प्रकार २ च्या मधुमेहात इतर कारणांबरोबर बीटा कोशिकांतील कलकणूंचे कार्यही मंदावलेले आढळते.

औषधोपचाराशी संबंध : सल्फॉनिल यूरिया वर्गातील औषधे पोटॅशियमाच्या मार्गिका थेट बंद करतात, म्हणजे ऊर्जानिर्मितीची पायरी टाळून ती स्रवण घडवितात. म्हणूनच रक्तातील ग्लुकोज कमी असतानाही त्यांचा परिणाम होत राहतो व ते धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचा संभव असतो. जन्मानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत होणाऱ्या मधुमेहाच्या काही रुग्णांत या मार्गिका एटीपी वाढूनही उघड्याच राहतात, असे २००४ मध्ये आढळले. अशा ४९ रुग्णांना सल्फॉनिल यूरियाच्या गोळ्या दिल्यावर ४४ जणांची इन्शुलिनाची अंतःक्षेपणे (इंजेक्शने) बंद करता आली, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. या वयातील मधुमेहात आनुवंशिक तपासणी करणे त्यामुळे अगत्याचे ठरते; कारण दोष नेमक्या कोणत्या पायरीवर आहे, हे कळल्यास बालकाची आयुष्यभराची सुई टळू शकते.