मैदानाचे गणित – लेखांक ९ : गोलंदाज मोजायचा कसा?

रायगडच्या किनारपट्टीवर टेनिस चेंडूच्या स्पर्धा संपताना ‘उत्कृष्ट गोलंदाज’ हे बक्षीस दिले जाते. भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या शेतांत किंवा ओहोटीच्या वेळी घट्ट वाळूवर होणारे हे सामने मोजक्या षटकांचे. एका गोलंदाजाच्या वाट्याला त्यातले एखाददुसरे षटक येते. इतक्या थोड्या चेंडूंत सरासरी काढण्यात अर्थ नसतो. षटकामागे किती धावा दिल्या, हाच हिशेब इथे खरा.

सरासरी म्हणजे दिलेल्या धावा भागिले घेतलेले बळी. बळी शून्य असले तर भागाकारच होत नाही. नाशिकच्या बापू नाडकर्णींनी जानेवारी १९६४मध्ये मद्रास कसोटीत इंग्लंडविरुद्ध पहिल्या डावात ३२ षटकांत ५ धावा दिल्या. २७ षटके निर्धाव, त्यांतली २१ सलग. बळी मात्र एकही नाही. त्या डावापुरती त्यांना सरासरीच नव्हती!

लांब हंगामात सरासरी बोलू लागते. २०२४-२५च्या रणजी करंडकात विदर्भाचा डावखुरा फिरकीपटू हर्ष दुबे याने ६९ बळी घेतले, सरासरी १६.९८. एका रणजी हंगामात इतके बळी आधी कोणीही घेतले नव्हते. आधीचा विक्रम बिहारच्या आशुतोष अमनचा : २०१८-१९मध्ये ६८ बळी, सरासरी ६.४८. नुसती सरासरी पाहिली तर अमन कितीतरी पुढे दिसतो, पण त्याचे बळी प्लेट गटातले, म्हणजे बहुतांशी रणजीत नव्याने उतरलेल्या संघांविरुद्धचे. प्रतिस्पर्धी कोण होता, हे आकडा सांगत नाही. खेळपट्टी कशी होती, हेही सांगत नाही. १९७२-७३च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईच्या पद्माकर शिवलकरांनी मद्रासच्या चेपॉक मैदानावर १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी घेतले. तमिळनाडूचे डाव ८० आणि ६१वर संपले हे खरे, पण त्याच खेळपट्टीवर मुंबईलाही १५१ आणि ११३च जमल्या होत्या. शिवलकरांचे मोठेपण त्या एका सामन्यापेक्षा प्रथम श्रेणीतल्या ५८९ बळींत आणि १९.६९च्या सरासरीत अधिक दिसते. तरीही त्यांना कसोटी खेळायला मिळाली नाही.

सरासरीचा असाच हिशेब दुसऱ्या एका खेळातही आहे. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये हंगामातले सर्वोत्तम पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे खेळाडू, ‘अर्न्ड रन ॲव्हरेज’वरून ठरवण्याची जुनी रीत आहे. पिचरच्या खात्यावरच्या धावांना ९ने गुणायचे आणि त्याने टाकलेल्या इनिंगांनी भागायचे. एका इनिंगमध्ये तीन खेळाडू बाद होतात, नऊ इनिंगांत सत्तावीस. म्हणजे हाही मुळात बाद खेळाडूमागे धावांचाच हिशेब. थोडे चेंडू टाकून कोणी यादीत वर बसू नये म्हणून अटही आहे : संघाच्या प्रत्येक सामन्यामागे किमान एक इनिंग, म्हणजे १६२ सामन्यांच्या हंगामात १६२ इनिंग. सेंट लुईस कार्डिनल्सच्या बॉब गिब्सनने १९६८मध्ये तीनशेहून अधिक इनिंग टाकून ही सरासरी १.१२वर राखली. त्या वर्षी एकूणच पिचरांचा वरचष्मा इतका होता की १९६९पासून त्यांच्या पायाखालचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला गेला.

खरा फरक क्षेत्ररक्षणाचा. गिब्सनविरुद्ध त्या हंगामात ४९ धावा झाल्या, पण खात्यावर ३८च पडल्या. उरलेल्या ११ सहकाऱ्यांच्या चुकांमुळे झाल्या, असे अधिकृत गुणलेखकाने ठरवले. क्रिकेटमध्ये अशी सूट नाही. स्लिपमध्ये झेल सुटला आणि फलंदाजाने पुढे शंभर केल्या, तर त्या गोलंदाजांच्याच खात्यात जातात. उलट धावचीत झालेला फलंदाज कोणत्याही गोलंदाजाच्या खात्यात जमा होत नाही. बाय आणि लेगबाय गोलंदाजाच्या नावावर लागत नाहीत. वाइड आणि नोबॉलही पूर्वी लागत नसत, ते १९८०च्या दशकापासून लागू लागले. त्यामुळे त्याआधीच्या गोलंदाजांच्या सरासरी आजच्यांशेजारी ठेवताना थोडी सवलत धरावी लागते.