वर्गातलं नाटक (भाग ७) : टेबलावरचा गिलास

खिचडी झाल्यावर पाणी प्यायला शाळेत स्टीलचे गिलास असतात. त्यातलाच एक पाण्यानं भरून मी सातवीच्या वर्गात टेबलावर ठेवला आणि म्हटलं, हा सुधाकरचा प्याला. तळीराम झालेल्या पोरानं तो उचलून सुधाकरच्या हाती द्यायचा, एवढंच काम. पोरगा दोन पावलं पुढं आला नि थांबला. ‘सर, मी नाई धरत.’ अरे, पाणी आहे ते! ‘पाणी हाय, पण नाई धरत.’ वर्गात कुणी हसलं नाही. त्या तासाला गिलास तसाच टेबलावर राहिला, आणि त्याच्याकडे बघत बघत आम्ही प्रवेश वाचला.

गेले सहा भाग आपण हसवणारी नाटकं हाताळली. शोकांतिका मुद्दाम मागे ठेवली होती, कारण ‘एवढ्याशा पोरांना रडकं नाटक कशाला?’ हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं. तो पालकांकडून येतो, त्याहून जास्त शिक्षकांकडून येतो. यवतमाळ जिल्ह्यात तर हा प्रश्न मला जरा चमत्कारिकच वाटतो. कापूस बुडाला की घरात काय होतं, हे इथल्या बारा वर्षांच्या पोराला समजावून सांगावं लागत नाही. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. त्याचं उद्घाटन कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी केलं. त्यांच्या शेतकरी नवऱ्यानं आत्महत्या केली होती, आणि त्या स्वतः ‘तेरवं’ या नाटकात काम करत होत्या. ज्या जिल्ह्यात दुःख भोगलेली बाई रंगमंचावर उभी राहून बोलते, तिथं मुलांपासून शोकांतिका लपवून ठेवण्यात काय हशील?

आता नाटक कोणतं घ्यायचं? आपल्या परंपरेला दुःखाचं वावडं नाही, दुःखद शेवटाचं मात्र आहे. भवभूती मूळचा विदर्भातला, पद्मपूरचा. करुण रस त्याच्याइतका कुणी पिळून काढला नसेल, पण ‘उत्तररामचरिता’च्या शेवटी त्यानंही राम-सीतेची भेट घडवून आणलीच. वाल्मीकीची सीता भूमीत जाते, भवभूतीची परत येते. भासाच्या ‘ऊरुभंगा’त दुर्योधन प्रेक्षकांसमोर प्राण सोडतो, पण ते अपवादाचं नाटक. मराठीत १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने यांनी ‘थोरले माधवराव पेशवे’ लिहिलं आणि नाटकाचा शेवट मृत्यूवर करायला आपण शिकलो. पुढं शेक्सपिअर आला. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं, देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला. ही सगळी मोठी नाटकं, पण सातवीच्या वर्गात मी उघडतो ते राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’. डेन्मार्कचा राजवाडा पोरांना डोळ्यांपुढं आणावा लागतो. दारूचा गुत्ता आणावा लागत नाही.

शिवाय गडकरी विदर्भाला अगदीच परके नाहीत. २३ जानेवारी १९१९ ला ते नागपूरजवळच्या सावनेरला वारले, वय अवघं ३३. त्यानंतर महिनाही उलटला नव्हता, तेव्हा २० फेब्रुवारीला बडोद्यात गंधर्व नाटक मंडळीनं ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला. लेखकानं आपलं सर्वांत गाजलेलं नाटक रंगमंचावर पाहिलंच नाही, हे सांगितलं की वर्ग गप्प होतो. शालू-पैठणीत मिरवणारे बालगंधर्व यात सुधाकरची बायको सिंधू होऊन फाटक्या लुगड्यात आले, हे सांगितलं की मात्र पोरींना पहिला प्रश्न पडतो, पुरुष कसा काय सिंधू झाला? त्यात पंधरा मिनिटं जातात. जाऊ द्यावीत.

नाटक पाच अंकी. सगळं वाचायला गेलात तर दिवाळी येईल, आणि गडकऱ्यांची लांबलचक अलंकारिक वाक्यं ऐकून मागच्या बाकावर डुलक्या सुरू होतील. मी पाच-सहा जागा निवडतो आणि मधली गोष्ट तोंडी सांगतो. हुशार, स्वाभिमानी वकील सुधाकर. कोर्टात मुन्सफाकडून अपमान होतो, तो उसळतो आणि सनद काही काळासाठी जाते. मनाला लागलेलं विसरायला तळीराम त्याला पहिला प्याला देतो. इथं थांबायचं. पूर्ण तास इथं थांबायचं. कारण या नाटकाला आपण दारूबंदीचं भाषण करून टाकलं आहे. व्यसनमुक्ती सप्ताहात दोन उतारे म्हणायचे, टाळ्या वाजवायच्या, मोकळं व्हायचं. बाटली वाईट हे कळायला गडकरी कशाला हवेत? ते तर पाकिटावर, भिंतीवर लिहिलेलं असतं. गडकऱ्यांनी दाखवलंय ते निराळंच. सुधाकर बाटलीकडे जायच्या आधीच कलंडलेला आहे. त्याला अपमान सोसत नाही. ज्या ताठ मानेनं तो मोठा झाला, तीच त्याला खाली आणते. ॲरिस्टॉटलनं शोकांतिकेच्या नायकाबद्दल हेच सांगितलं होतं : तो दुष्ट नसतो, त्याच्या हातून चूक होते. मी ॲरिस्टॉटलचं नाव वर्गात घेत नाही. फळ्यावर एकच प्रश्न लिहितो : सुधाकर कुठून परत फिरू शकला असता?

या प्रश्नावर वर्ग पेटतो. ‘त्यानं पह्यल्या दिवशीच नाई म्हणाले पाह्यजे होतं.’ ‘तवा तो रागात होता ना बे, रागात कोण ऐकते?’ एकानं सांगितलं, सुधाकर दारू सोडून काम शोधायला निघाला तेव्हा लोकांनी त्याला उभं केलं असतं तर तो वाचला असता. हे मला स्वतःला सुचलं नव्हतं. नाटकात तो प्रवेश आहे, मी तो दरवर्षी घाईत सांगून पुढे सरकायचो. आता तो निवडलेल्या जागांमध्ये आला आहे.

तळीरामाचं ‘आर्यमदिरामंडळ’ गाळू नका. बेवड्यांची सभा, अध्यक्ष, ठराव, भाषणं. पोरं पोट धरून हसतात. हसू द्या. पारावर बरळणाऱ्या माणसालाही गाव असंच हसतं. त्याच्या लगेच पुढच्या तासाला जात्यावर दळण दळणारी सिंधू घ्या. भावाचे पैसे न घेता कष्टाचं खाणारी. कालचं हसू आपोआप घशात अडकतं, शिक्षकानं काही बोलायची गरज पडत नाही.

एक चूक मात्र मी केली आहे आणि ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून सांगतो. पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात मी वर्गाला विचारलं, ‘तुमच्या घरी कुणी पितं का?’ दोन-चार हात वर गेले, खाली आले. एक मुलगी खाली मान घालून बसली ती तशीच, आणि पुढचे तीन दिवस शाळेत आली नाही. मी घरी गेलो तर तिची आई म्हणाली, पोट दुखते म्हणते. नाटक घ्यायचं ते याच्यासाठीच की मुलानं सुधाकरबद्दल बोलावं आणि स्वतःबद्दल बोलावं लागू नये. कुणाला बोलावंसं वाटलं तर ते सुटीत, एकटं, आपणहून येतं. तेव्हा वेळ काढा आणि तात्पर्य सांगू नका.

शेवटाकडे या. सुधाकरच्या हातून मूल जातं, सिंधू मरणपंथाला लागते, आणि पोलिसांपुढे ती नवऱ्याचं नाव घेत नाही. अपघात झाला म्हणून सांगते. शंभर वर्षांपूर्वी प्रेक्षक इथं ढसाढसा रडत. माझ्या वर्गात मुली चिडतात. ‘तिनं खोटं काहून सांगतलं?’ पतिव्रता वगैरे मी काही बोललो नाही. बोललो असतो तर वर्ग हातचा गेला असता. सिंधूचं वाचन केलेली पोरगी पुस्तक मिटून म्हणाली, ‘माही माय असती तर पोलिसाले सगळं सांगतलं असतं.’ मागून एक मुलगा हळूच बोलला, ‘नसतं सांगतलं.’ मग वाद झाला, घंटा झाली तरी चालू राहिला. माझं मत विचाराल तर गडकऱ्यांची सिंधू आज मला पटत नाही, पण नाटक पटतं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं हे सातवीतल्या मुलाला कळतं, आपल्यालाच उशीर लागतो.

काही मुलांनी शेवट बदलून लिहू का विचारलं. जरूर लिहा म्हटलं, भवभूतीनं तेच केलं होतं. नऊ वह्या आल्या. सात जणांनी सिंधूला वाचवलं. सुधाकरला वाचवलं ते दोघांनीच.

गडकऱ्यांना जाऊन शंभर वर्षं झाली, त्यामुळे त्यांच्या नाटकावर आता कुणाचा हक्क नाही. हव्या त्या प्रवेशांच्या झेरॉक्स काढून वर्गात वाटता येतात. पुढच्या शनिवारी शिरवाडकरांचा ‘नटसम्राट’ घेऊ. तोवर तुमच्या वर्गात गिलास टेबलावर ठेवून पाहा, आणि तो कुणी उचलला का ते मला कळवा.