तेरा महिन्यांचे वर्ष

आमच्या गावोगावच्या कुटुंबांत हिशेबाची वही अजून ठेविली जाते. तांदूळ, तेल, गॅस, औषधे, मुलांची फी ह्यांची नोंद तीत नियमाने होते. परंतु दूरचित्रवाणी व इंटरनेट ह्यांवर होणारा खर्च तीत क्वचितच आढळतो. कारण उघड आहे. तो एकदम जात नाही. थोरला मुलगा आपल्या मोबाइलवरून शंभर-दोनशे भरतो, आईचा रिचार्ज नाक्यावरील दुकानात होतो, केबलवाला निराळा येतो. पैसा मात्र एकाच चुलीवरून जातो.

एके काळी हा कर वर्षातून एकदाच द्यावा लागे. रेडिओचा परवाना पोस्टात जाऊन नवा करावयाचा. पुढे दूरचित्रवाणी आली तेव्हा तिच्या परवान्यास वर्षाला 50 रुपये पडत. 1980 नंतरच्या दशकात तो परवाना रद्द झाला. 2016 च्या सप्टेंबरात जिओ कंपनीची सेवा सुरू झाली, तेव्हा आरंभी इंटरनेट फुकट मिळाले. त्या फुकटाची सवय घराघराला जडली. पुढे 2019, 2021 आणि 2024 ह्या साली दर चढत गेले.

ह्यातील एक खुबी गृहिणींनी अवश्य ध्यानी घ्यावी. पुष्कळशा योजनांचा ‘महिना’ 28 दिवसांचा असतो. वर्षाच्या 365 दिवसांस 28 ने भागिले असता तेरा येतात. म्हणजे पगार बारा वेळा आणि रिचार्ज तेरा वेळा! जुलै 2024 मध्ये जिओची 239 रुपयांची 28 दिवसांची योजना 299 रुपयांची झाली. साठच रुपये वाढले, असे आपण म्हणतो. परंतु घरात असे तीन फोन असल्यास वर्षाचे 39 रिचार्ज, आणि वाढ 2,340 रुपयांची. एकूण खर्च 11,661 रुपये. त्यात दूरचित्रवाणी धरलेलीच नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, जानेवारी 2022 मध्ये आज्ञा दिली की प्रत्येक कंपनीने निदान एक योजना 30 दिवसांची आणि एक दरमहा त्याच तारखेस नवी करता येईल अशी ठेवावी. दुकानदार ती आपणहून सांगेलच असे नाही, विचारावे लागते.

दूरचित्रवाणीची गोष्ट किंचित वेगळी. 2019 च्या फेब्रुवारीपासून आपल्या पसंतीच्या वाहिन्या निवडण्याची नवी पद्धत आली. पहिल्या शंभर वाहिन्यांस 130 रुपयांची मर्यादा होती, करासह 153 रुपये 40 पैसे. सशुल्क वाहिन्यांचे मोल त्यावर वेगळे. जुलै 2024 मध्ये ती मर्यादाही काढून टाकण्यात आली. हा भार आम्हां सीमाभागातील आणि दूर वसलेल्या मराठी माणसांस अधिक जाणवतो. बेळगावच्या घरात मुलांस कानडी हवी, आजीस मराठी. बडोदे-इंदुरास गुजराती किंवा हिंदी वाहिन्यांच्या गठ्ठ्यावर मराठीची भर घालावी लागते. काटकसर करावयाची वेळ आली की बहुधा मराठीच आधी गळते, आणि नातवंडांच्या कानांवरून आजीची भाषा जाते.

काटकसरीची कुऱ्हाड प्रथम कोणावर पडते, हेही पाहण्याजोगे आहे. मुलाच्या फोनावर नव्हे, आजोबांच्या! 2018 च्या अखेरीपासून काही कंपन्यांनी किमान भरणा नसल्यास येणारे फोनही थांबविण्यास आरंभ केला. ज्यांचा मुलगा आखातात वा जहाजावर आहे, त्या वृद्धांस हा फोन म्हणजे चैन नव्हे. आणि 2020 साली चर्चची दारे बंद झाली तेव्हा पवित्र मिस्सा ह्याच पडद्यावरून घरात आली. अंथरुणास खिळलेल्यांस ती आजही तशीच येते. पोप बारावे पायस ह्यांनी 1958 साली संत क्लारा हिला दूरचित्रवाणीची आश्रयदाती संत म्हणून घोषित केले, त्याचे कारणही हेच. आजारी क्लारेस नाताळच्या रात्री चर्चमधील उपासना आपल्या खोलीतच दिसली, अशी परंपरागत कथा आहे. तिला अर्थात रिचार्ज करावा लागला नाही.

तेव्हा सर्वच बंद करा, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ज्या आजोबांस केवळ बोलावयाचे आहे, त्यांच्या नावे इंटरनेटचे मोल का भरावे? फक्त बोलणे व लघुसंदेश असलेल्या योजना ठेवण्याचे बंधन ट्रायने डिसेंबर 2024 मध्ये कंपन्यांवर घातले असून, त्यांची मुदत 365 दिवसांपर्यंत असू शकते. दूरचित्रवाणीसाठी दूरदर्शनची ‘फ्री डिश’ 2004 पासून आहे: डिश व पेटी एकदा विकत घ्यावी, पुढे मासिक शुल्क नाही. आवडत्या सर्व मालिका तेथे मिळणार नाहीत. सह्याद्री वाहिनी मात्र मिळते, मग घर बेळगावात असो वा बडोद्यात.