हसता हसता उठून का जाता?

यूट्यूबवर ‘भाडिपा’च्या ‘कास्टिंग काऊच’मध्ये अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी पाहुण्यांची भंबेरी उडवतात. असले गप्पा-खेळांचे पॉडकास्ट आम्ही नांदेड-लातूरच्या वस्त्यांत बायकांसोबत ऐकतो. ऐन रंगात दोघीतिघी पदर सावरत उठतात. कारण कुणी सांगत नाही: हसताना लघवी सुटते. बाळंतपणांमुळे ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडतात. त्यात लाज कसली? लघवी रोखताना आवळतो तेच स्नायू ५ सेकंद आवळा, तेवढाच वेळ सैल सोडा. असं १० वेळा, दिवसातून ३दा, निदान ३ महिने. श्वास रोखू नका. लघवी करताना हा व्यायाम नको. जळजळ झाली, रक्त दिसलं किंवा अंग बाहेर आल्यासारखं वाटलं, तर सरकारी दवाखाना गाठा. पाणी पिणं मात्र तोडू नका. बायका नेमकं तेच करतात.