जुनी मोटार, नवा फोन आणि राखीव प्रत

श्रोतेहो, आजचा विषय दोन तुकड्यांचा आहे. जुन्या मोटारीत आजचा मोबाइल कसा जोडावा, हा पहिला तुकडा. मोबाइलमधील फोटो, कागदपत्रे आणि नावे-नंबर इंटरनेटवरील राखीव प्रतींच्या सेवेकडे, म्हणजे ऑनलाइन बॅकअपकडे, सोपवताना ती सेवा कशी पारखावी, हा दुसरा. वरवर पाहता यांचा परस्परांशी संबंध नाही. पण दोन्ही ठिकाणी शेवटी एकच प्रश्न विचारावा लागतो : आपली वस्तू परक्याच्या यंत्रात उतरली, तर ती तेथे कोणाच्या ताब्यात असते आणि हवी तेव्हा परत मिळते काय?

प्रथम मोटार. आपल्या शहराजवळ शेंद्र्याला २००१ च्या अखेरीपासून स्कोडाची ऑक्टाविया जुळवली जाऊ लागली. त्या पिढीच्या गाड्यांचे इंजिन नीट राखले तर अजून ठणठणीत चालते. म्हातारा होतो तो डॅशबोर्डमधला टेप. कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो या दोन सोयी जाहीर झाल्या त्या २०१४ साली. त्यापूर्वीच्या गाडीत त्या असण्याचे कारणच नाही. पण बाहेरून बसवता येतात, आणि ते एका जुन्या जर्मन शिस्तीमुळे. टेपच्या खाचेचे माप तेथील प्रमाणसंस्थेने ठरवून दिले होते : रुंदी १८० मिलिमीटर, उंची ५०. याला सिंगल डिन म्हणतात. दुप्पट उंचीची खाच ती डबल डिन. तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी घरी फूटपट्टी लावून खाच मोजावी. सिंगल डिनच्या जागी पडदा बसवायचा तर तो बाहेर सरकणारा किंवा वर तरंगणारा घ्यावा लागतो, आणि तो वातानुकूलनाची जाळी झाकतो की नाही हे आधी पाहावे.

पडदा बसला म्हणजे गाडी हुशार झाली, असे मात्र समजू नये. नकाशा, गाणी, फोन ही सर्व कामे मोबाइलच करतो. पडदा त्याचे रूप तेवढे दाखवतो. म्हणून केबलला महत्त्व आहे. काही स्वस्त केबलींत केवळ वीज नेणाऱ्या तारा असतात, माहिती नेणाऱ्या नसतातच. फोन चार्ज होत राहतो आणि पडदा कोरा राहतो, मग मालक बिचारा पडद्याला दोष देतो.

वायरिंगविषयी थोडे बारकाईने सांगतो, कारण पुढील डोकेदुखी बहुधा येथूनच सुरू होते. बाजारातील सिस्टीमच्या जोडणीत पिवळी तार बॅटरीवरून अखंड येते, लाल तार किल्ली फिरवल्यावर जागी होते आणि काळी अर्थिंगची असते. लाल तार थेट बॅटरीला जोडली तर यंत्र रात्रंदिवस जागे राहते आणि एके सकाळी गाडीला धक्का मारावा लागतो. दोन तारांची अदलाबदल झाली तर दर वेळी किल्ली काढताच सर्व सेटिंग पुसले जाते. मूळ कनेक्टर कापू देऊ नये. त्या मॉडेलचा कपलर मागावा, म्हणजे उद्या जुना टेप पुन्हा लावता येतो. हँडब्रेकची एक तार असते. गाडी उभी असल्याशिवाय चित्रपट दिसू नये म्हणून ती असते. ती कायमची अर्थ करून द्या, असा आग्रह गिऱ्हाईकच धरते. हा शहाणपणा नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात चालवताना फोन हातात धरणे हे धोकादायक वाहन चालवण्यात मोडते. पहिल्याच वेळी दंड १,००० ते ५,००० रुपये, आणि कैदेचीही तरतूद आहे. वाट पाहण्यापुरता फोन वापरण्यास नियमांनी २०२० मध्ये मुभा दिली, तीही लक्ष विचलित होणार नाही या अटीवर.

ज्यांना एवढा खर्च नको, त्यांनी टेपला ऑक्सचे भोक असल्यास त्यात ब्लूटूथचा लहान रिसीव्हर लावावा आणि फोन पक्क्या स्टँडवर ठेवावा. तेवढ्याने भागते.

आता ज्याकडे कोणी पाहत नाही ती गोष्ट. ब्लूटूथ जोडताना यंत्र विचारते, 'नावे-नंबर घेऊ काय?' आपण घाईने 'हो' म्हणतो, आणि साऱ्या गोतावळ्याची यादी यंत्रात उतरू शकते. भाड्याच्या गाडीत तर हा परवाना मुळीच देऊ नये.

आणखी एक उदाहरण घ्या. पडदा नसलेल्या जुन्या गाड्यांसाठी गुगलने अँड्रॉइड ऑटोचे रूप फोनवरच दिले होते. २०२२ मध्ये ते काढून घेतले. त्याच कंपनीची फोटोंसाठीची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद झाली. यात फसवणूक नाही. पण फुकटची सोय दात्याच्या मर्जीवर असते, हे धरूनच घर बांधावे. पैसे देऊनही निश्चिंती नाहीच : क्रॅशप्लॅनने घरगुती ग्राहकांची सशुल्क सेवा २०१८ मध्ये गुंडाळली.

येथून आपण राखीव प्रतीकडे येतो. पहिला घोटाळा शब्दांचा आहे. फोनमध्ये जे बदलते तेच लगेच सर्वत्र बदलणे याला सिंक म्हणतात. नातवाने खेळता खेळता लग्नाचे फोटो पुसले, तर सिंक तीच पुसापुशी इमानाने तिकडेही करते. गुगल फोटोजमध्ये असा बॅकअप झालेला पुसलेला फोटो टोपलीत ६० दिवस राहतो, नंतर गेला. खरी राखीव प्रत म्हणजे जी जुनी अवस्थाही जपते. पैठणच्या नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. नक्कल करणाऱ्यांच्या हातून पाठ बिघडत गेले होते. पण बिघाड वेगवेगळ्या पोथ्यांत वेगवेगळा होता, म्हणून ताडून पाहता आले. एकाने चूक करताच महाराष्ट्रातील प्रत्येक पोथीत तीच चूक क्षणात उमटली असती, तर ताडायचे कशाशी? म्हणून सेवा घेताना विचारावे : जुन्या आवृत्त्या किती दिवस ठेवता?

दुसरा प्रश्न जागेचा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुरात पुण्याच्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या. मूळ दस्त एका कपाटात आणि त्याची नक्कल शेजारच्या कपाटात, अशा व्यवस्थेचा पाण्यापुढे काय उपयोग? २०२५ च्या सप्टेंबरात दक्षिण कोरियात देजॉन येथील सरकारी माहितीकेंद्राला आग लागली आणि कर्मचाऱ्यांच्या सामायिक साठ्यातील ८५८ टेराबाइट माहिती गेली; दुसरीकडे तिची प्रत नव्हती. तंत्रज्ञ सांगतात तो ठोकताळा सोपा आहे : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. घरी एक हार्ड डिस्क आणि जोडीला एक ऑनलाइन सेवा, एवढ्यात सामान्य कुटुंबाचे काम होते.

वेळेचा हिशेब कंपन्या क्वचितच पुढे करतात. १०० गीगाबाइट फोटो १० एमबीपीएसच्या वेगाने वर चढवायला सुमारे २२ तास लागतात; आणि पाहायचा तो चढवण्याचा वेग, उतरवण्याचा नव्हे. गुगलची फुकट जागा १५ गीगाबाइट, ॲपलची ५. चार मेगाबाइटचा एक फोटो धरला, तर पंधरात साधारण पावणेचार हजार मावतात, त्यातही मेलचा वाटा निघतो.

पण खरी परीक्षा निराळीच. जाहिरात ठेवण्याविषयी बोलते; आपण परत मिळण्याविषयी विचारावे. चार फोटो आणि एक कागद ठेवून द्यावा, महिन्याने दुसऱ्या फोनवर उतरवावा, आणि उघडून पाहावा. उघडला तर सेवा चांगली.

राहिली किल्ली. काही सेवा माहिती अशी कुलूपबंद करतात की कंपनीलाही वाचता येत नाही. व्हॉट्सॲपच्या बॅकअपला २०२१ पासून असे कुलूप लावता येते. त्याची किल्ली ६४ अंकांची किंवा आपला पासवर्ड. हे उत्तमच, मात्र किल्ली हरवली तर दाद मागायला दार नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत जपले, आणि लिपीचा संकेत पंथाबाहेर कोणाला ठाऊक नसल्याने विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी ती उलगडीपर्यंत ते ग्रंथ इतरांना बंदच राहिले. पंथात निदान जाणते होते. घरात जाणता एकटाच असेल तर काय? म्हणून किल्ली कागदावर लिहून घराच्या खरेदीखताजवळ ठेवावी आणि घरातील आणखी एकाला जागा सांगावी. गुगलमध्ये खाते निजल्यास कोणाला कळवावे, हे आधी नोंदवता येते. ॲपलनेही २०२१ पासून वारस नेमण्याची सोय केली आहे. गुगल दोन वर्षे न उघडलेले वैयक्तिक खाते पुसू शकते, हेही विसरू नये.

गाडी विकणाऱ्यांना जाता जाता : फॉर्म २९ आणि ३० वर सही करण्यापूर्वी सिस्टीमच्या सेटिंगमध्ये जाऊन ब्लूटूथच्या जोड्या काढा, 'फॅक्टरी रीसेट' दाबा, आणि पडदा पुन्हा सुरू करून नावांची यादी रिकामी दिसते की नाही ते पाहा. मगच किल्ली द्या.