सर्पगंधेची मुळी

पिंपळे गुरवात रात्रपाळीहून आलेला कामगार दिवसा डोळा लागत नाही म्हणून कुणी सांगितलेली मुळी किंवा गोळी घेतो. ती डोक्यात काय करते, हे आम्ही शाळेत शिकलो नाही. वाचून आणि विचारून जे उमगले, ते सांगतो.

सर्पगंधा आपल्याकडे जुनीच. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी पन्नास रुग्णांना ती देऊन रक्तदाबावरील तिचा गुण १९४९ साली जगापुढे मांडला. १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपिन वेगळे काढले गेले, आणि मनोरुग्णांना शांत करण्यासाठीही ते वापरले जाऊ लागले.

ही शांतता येते कोठून? मेंदूच्या पेशी ज्या रसायनांनी निरोप धाडतात, त्यांत डोपामिन एक. हा माल पेशीत बारीक पिशव्यांतून साठवलेला असतो. रेसरपिन पिशवीत माल भरणारे दारच अडवते. बाहेर राहिलेला माल पेशीतच मोडीत निघतो. कोठार रिते होते, निरोप थांबतो. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रेसरपिनने निपचित पडलेले ससे एल-डोपा देऊन पुन्हा हिंडते केले. डोपामिन याच एल-डोपापासून बनते.

म्हणजे ही नुसती झोप नव्हे. हालचाल मंदावते, हात थरथरू शकतात. यंत्रापुढे असा माणूस आळशी नसतो, धोक्यात असतो. तेव्हा औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. आणि झोपमोडीचे मूळ पाळीत असेल, तर मुळी उगाळण्याऐवजी पाळी बदलून मागावी.